आधी पाणी, मग भिंत, शेवटी नक्षी: पेठेतल्या जुन्या घराच्या दर्शनी भिंतीची डागडुजी कशी करावी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत किंवा शुक्रवार पेठेच्या आतल्या गल्ल्यांत अजूनही अशी काही घरे उभी आहेत, की ज्यांच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चुन्याच्या गिलाव्यात काढलेली वेलबुट्टी, खिडक्यांभोवतीच्या महिरपी आणि सज्जाखालचे सागवानी हस्त (सज्जाला आधार देणारे लाकडी टेकू) बऱ्यापैकी शाबूत आहेत. अशा घरांचे जितके नुकसान पावसाने होते, त्याहून अधिक नुकसान घाईने केलेल्या दुरुस्तीने होते, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते आमच्या घरच्याच अनुभवावरून बनलेले आहे. जोत्यालगतचा तीन फुटांचा फुगलेला गिलावा एका ठेकेदाराच्या सल्ल्याने आम्ही काढून टाकला आणि त्या जागी सिमेंटचा केला. दोन वर्षे भिंत सुरेख दिसली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र आत कोंडलेली ओल सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढली आणि तोवर कोरडी राहिलेली खिडकीखालची नक्षी भुगा होऊन गळू लागली. जमिनीतून चढणारे पाणी पूर्वी जोत्याजवळच चुन्यातून वाळून जात असे. ती वाट आम्ही बुजवली होती.

म्हणून या कामाचा क्रम पक्का धरावा: आधी पाण्याचा बंदोबस्त, मग भिंत, त्यानंतर नक्षी आणि अगदी शेवटी रंग. आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा होतो, कारण दसरा किंवा घरातले लग्न जवळ आले की रंगाचीच आठवण आधी होते.

प्रागच्या एका घराकडून घेण्याजोगा धडा

प्राग शहराच्या जुन्या चौकात ‘उ मिनुती’ नावाचे प्रबोधनकाळातले एक घर आहे. लेखक फ्रान्झ काफ्का याचे कुटुंब १८८९ ते १८९६ या काळात तेथे राहत होते. आज या घराची दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत बायबलमधल्या आणि ग्रीक-रोमन पुराणकथांतल्या चित्रांनी भरलेली दिसते. मात्र काफ्का लहान असताना त्याला ही चित्रे दिसण्याची शक्यता नव्हती, कारण ती नंतरच्या काळातल्या गिलाव्याखाली झाकलेली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तो थर उतरवल्यावर ती पुन्हा उजेडात आली. ती उजेडात येऊ शकली, याचे कारण वरचा थर खालच्या थरापेक्षा कठीण नव्हता. त्याच्या जागी सिमेंट असते, तर ते काढताना त्याला चिकटून चित्रेही निघाली असती. आपण भिंतीवर जे काही लावू, ते पुढच्या पिढीला खालच्या थराला धक्का न लावता काढता आले पाहिजे, ही कसोटी मी या घरावरून घेतली आणि पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावरच घासून पाहिला.

तिथली चित्रे स्ग्राफितो पद्धतीची आहेत. सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार व वास्तुरचनाकार जॉर्जो वासारी याने या पद्धतीचे वर्णन करून ठेवले आहे. चुना आणि वाळूच्या मिश्रणात जाळलेल्या गवताची काजळी घालून भिंतीला राखाडी थर द्यायचा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ हात फिरवायचा, आणि ओला असतानाच लोखंडी टोकाने पांढरा थर खरवडून खालचा काळा रंग उघडा करायचा. प्रागमधल्याच श्वार्झेनबर्ग प्रासादावर याच युक्तीने सपाट भिंत टोकदार घडीव दगडांची भासवली आहे. आपल्याकडे गिलाव्यावर रेघा ओढून दगडी थरांचा आभास निर्माण करण्याची जी पद्धत जुन्या घरांवर दिसते, तिच्याशी या युक्तीचे नाते सहज लक्षात यावे. प्रागची पद्धत कोल्हापुरात आणावी, असे मला मुळीच सुचवायचे नाही. परंतु चुना तिथेही तोच आणि इथेही तोच, त्यामुळे त्याचे स्वभावही सारखेच आहेत.

परवानगी आणि संमती

घर संरक्षित आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते नेमके कोणत्या नियमाखाली आहे हे आधी पाहून घ्यावे. केंद्राच्या १९५८ च्या आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याखाली प्रामुख्याने किल्ले, मंदिरे, लेणी यांसारखी स्मारके येतात. राहते घर बहुधा महापालिकेच्या वारसा यादीत असते आणि त्याला श्रेणी १, २ किंवा ३ दिलेली असते. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ वाव नसतो, दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत तो क्रमाने वाढत जातो. मात्र दर्शनी भिंतीच्या बाबतीत तिन्ही श्रेणींत विचारूनच पुढे जावे. आपले घर केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत किंवा त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात येत असेल, तर नियम वेगळे लागू होतात आणि दुरुस्तीसाठीही आगाऊ परवानगी घ्यावी लागते. महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज देताना खाली सांगितलेली छायाचित्रे आणि रेखाटने जोडल्यास बोलणे सोपे होते. पेठेतल्या घरांना भाऊबंद आणि भाडेकरू दोन्ही असतात, तेव्हा मिळकत पत्रिकेवर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची लेखी संमती परांची बांधण्यापूर्वी घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्धवट उतरवलेली नक्षी आणि न्यायालयातली स्थगिती यांपेक्षा ते पुष्कळ बरे.

पाहणी पावसात करावी

भिंतीची पाहणी भर पावसात, शक्यतो जुलैमध्ये करावी, कारण उन्हाळ्यात कोरडी दिसणारी भिंत काहीच सांगत नाही. छत्री घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे आणि कौलांवरचे पाणी कोठून उतरते, पन्हळ कोठे गळते, पागोळ्या सज्जावर पडून उडालेले थेंब कोणत्या नक्षीवर आदळतात, हे एका वहीत लिहून घ्यावे. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा पाहावे. भिंतीचा जो भाग उशिरापर्यंत काळसर राहतो, तिथेच दुखणे असते. बहुतेक वेळा त्याचे मूळ फुटलेले कौल, गंजलेली पन्हळ किंवा शेजारच्या नव्या बांधकामाची भिंतीला टेकलेली गच्ची असे अगदी साधे निघते. रस्त्याचे डांबर वर्षानुवर्षे चढत जाऊन जोत्याच्या वर आले असेल, तर भिंतीलगत उथळ चर काढून त्यातून पाणी बाहेर काढावे लागते. भेगेतून उगवलेले पिंपळ-उंबराचे रोप मात्र कधीही ओढून काढू नये, कारण मुळांबरोबर विटाही निघून येतात. ते बुडाशी कापावे, मूळ जागेवरच मरू द्यावे आणि पूर्ण सुकल्यानंतर भेग चुन्याने भरावी.

ज्यांची घरे दुधाळी, सुतारवाडा किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीच्या बाजूला आहेत, त्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी भिंतीवर कोठवर चढले होते याची रेघ रेखाटनावर दाखवावी. पुराचे पाणी ओसरले तरी जाड विटांच्या भिंतीत ते कित्येक महिने राहते आणि वाळताना क्षार पृष्ठभागावर आणते. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. लोणा मऊ कोरड्या कुंचल्याने झाडून गोळा करावा. तो पाण्याने धुतला, तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. नक्षीच्या भागातून क्षार ओढून घेण्यासाठी कागदाचा लगदा शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवून थापतात आणि सुकल्यावर उतरवतात. हे दोन-तीन वेळा करावे लागते. पूर येऊन गेलेल्या भिंतीला त्याच हिवाळ्यात गिलावा करण्याचा मोह टाळावा.

छायाचित्रे, रेखाटन आणि उजेड

समोरून पडलेल्या उजेडात उठाव दिसत नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात शिरतात. आपल्याला हवा तो उजेड याच्या अगदी उलट, भिंतीला घासून जाणारा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला तो दुपारच्या पहिल्या तासात मिळतो आणि पूर्वेकडच्या भिंतीला माध्यान्हीच्या थोडे आधी. दक्षिणेकडच्या भिंतीवर हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन पडते, तर उत्तरेकडच्या भिंतीवर ते एप्रिल-मे महिन्यांतच मिळते. ऊन पोहोचतच नसेल, तर रात्री भिंतीला लावून धरलेली बॅटरी पुरते. या उजेडात फुगवटे, जुनी ठिगळे आणि रंगाखाली बुजलेल्या रेघा अशा स्पष्ट होतात, की ती भिंत पहिल्यांदाच पाहत आहोत असे वाटावे.

भिंतीचे प्रमाणबद्ध रेखाटन करून त्यावर प्रत्येक खिडकी, महिरप आणि हस्त यांना क्रमांक द्यावा. मग बोटाच्या पेराने गिलावा हलकेच ठोकत जावे. विटेला धरून असलेला गिलावा भरीव वाजतो आणि सुटलेला पोकळ. पोकळ जागेची खूण रेखाटनावर करावी, भिंतीवर नव्हे. गिलावा चुन्याचा की सिमेंटचा हे कळत नसेल, तर आडबाजूला खिळ्याने ओरखडा काढून पाहावा: चुना पांढरट किंवा सुरखीमुळे (विटेच्या पुडीमुळे) गुलाबी भुगा देतो, सिमेंट करडे असते आणि खिळ्याला दाद देत नाही. पाण्याचा थेंब टाकल्यास तो चुन्यात मुरतो, प्लॅस्टिक रंगावरून ओघळून जातो.

काही दर्शनी भिंतींवर शकाचा आकडा कोरलेला असतो. त्यात ७८ मिळवल्यास इसवी सन मिळतो, आणि जानेवारी ते मार्चचे महिने असल्यास ७९ मिळवावे लागतात. एखादा अंक झिजलेला असेल, तर तो अंदाजाने रंगवून पूर्ण करू नये. १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे, की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. शकाच्या आकड्याइतके याचे चोख उदाहरण दुसरे नाही.

चुना

दुरुस्तीसाठी कळीचा चुना घ्यावा. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजून तो तयार होतो आणि पाण्याशी संयोग होताच उकळू लागतो. म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे घालून, पाण्याने भरलेल्या टाकीत थोडा थोडा चुना टाकावा. चुन्याच्या ढिगावर पाणी कधीही ओतू नये. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून किमान महिनाभर, जमल्यास तीन महिने पाण्याखाली ठेवावा. तो जितका मुरतो, तितका लोण्यासारखा होतो. कामाला नोव्हेंबरात हात घालायचा असेल, तर चुना श्रावणातच विरवायला हवा, हे ठेकेदाराला आधी सांगून ठेवावे, नाहीतर तो तयार पोत्यातली पूड आणून मोकळा होतो.

खालच्या थरासाठी १ भाग चुना आणि ३ भाग धुतलेली, टोकदार कणांची वाळू हे प्रमाण सर्वसाधारणपणे चालते. वरच्या घोटीव थरासाठी बारीक वाळू घेऊन ते १ ला २ पर्यंत आणावे. जिथे पाण्याचा मारा आहे, तिथे वाळूचा काही भाग कमी करून सुरखी घालावी. ही सुरखी कमी भाजलेल्या विटेची असावी. कडक भाजलेल्या आधुनिक विटेची पूड केवळ रंग देते, पकड देत नाही. गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालण्याची परंपरा खरी आहे. तरीही आजोबांच्या तोंडच्या कृतीवर विसंबून एकदम सगळ्या भिंतीवर ते मिश्रण वापरू नये. घराच्या मागच्या भिंतीवर फूट-फूट लांबी-रुंदीचे तीन-चार नमुने वेगवेगळ्या प्रमाणांत करून एक पावसाळा पाहावेत. गवंडी चुन्यात किती मुरलेला आहे, हेही या नमुन्यांतून कळते, आणि ते त्याच्या बोलण्यातून कळण्यापेक्षा अधिक खात्रीचे असते.

जुनी वीट आणि दर्जा (विटांमधले सांधे) आधी पाण्याने भिजवून घ्याव्यात. एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, आणि पुढचा हात मागचा थर घट्ट झाल्याशिवाय देऊ नये. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. म्हणून आठवडाभर ओले गोणपाट टांगून ठेवावे. मार्च-एप्रिलच्या उन्हात हाच गिलावा दोन दिवसांत तडकतो. कोल्हापुरात या कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आहे.

नक्षी

नक्षीच्या बाबतीत जितके वाचवता येईल तितके वाचवावे आणि नवे अगदी थोडे करावे. विटेपासून सुटलेला पण अखंड असलेला नक्षीचा तुकडा पाडण्याची गरज नसते. बारीक छिद्रातून सुईच्या पिचकारीने आधी पाणी आणि मग अतिशय बारीक चाळलेल्या चुना-सुरखीचे पातळ मिश्रण मागच्या पोकळीत सोडतात, आणि ते धरेपर्यंत कापसाची गादी लावून नक्षीला हलका टेकू देतात. हे काम ज्याने पूर्वी केले आहे त्यालाच द्यावे. हौसेने करण्याजोगे हे नव्हे.

तुटलेली सरळ पट्टी किंवा गलथा (भिंतीवरची उठावाची आडवी कड) पुन्हा ओढायचा असेल, तर शाबूत भागावरून त्याचा छेद कागदावर उतरवून जस्ताच्या पत्र्याचा फर्मा कापावा आणि ताज्या चुन्यावरून तो एका दमात ओढावा. पानाफुलांची नक्षी हाताने करायची असल्यास एका दिवसात पुरी होईल इतकाच गिलावा चढवावा, कारण वासारीच्या राखाडी थराला जो नियम होता तोच इथेही आहे: कोरण्याचे काम गिलावा ओला आहे तोवरच होते, वाळल्यावर कड फुटते. बापट कॅम्प आणि कुंभार गल्लीतल्या मूर्तिकारांचा हात आणि नजर या कामाला उत्तम आहे, आणि त्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये. केवळ एक अट आधी सांगावी, की दर्शनी भिंतीवर प्लॅस्टर ऑफ पॅरिस चालणार नाही. गणपतीच्या मूर्तीला ते सोयीचे असले, तरी भिंतीवर पावसाच्या माऱ्यात ते मऊ पडते. नवा तुकडा लांबून जुन्याशी एकजीव दिसावा आणि जवळून निराळा ओळखू यावा. त्यासाठी त्याचा पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर आत ठेवला किंवा कोपऱ्यात बारीक सन कोरला, तरी पुरते. मोराची मान पूर्ण गेलेली असेल आणि जोडीचा दुसरा मोर किंवा जुने छायाचित्र उपलब्ध नसेल, तर मान बसवू नये. बिनमानेचा मोर डोळ्यांना खटकतो हे मला मान्य आहे, पण कल्पनेने बसवलेली मान शेजारच्या खऱ्या नक्षीविषयीही शंका निर्माण करते.

रंग आणि उरलेली कामे

जुने तैलरंग व प्लॅस्टिक रंग काढताना तारेचा ब्रश, वाळूचा फवारा आणि आम्ल या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात. आधी एका कोपऱ्यात धारदार पात्याने रंगांचे थर एकेक करून, प्रत्येक थर इंचभर उघडा राहील अशा पायऱ्यांनी उतरवावेत. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यास घराचा मूळ रंग कोणता होता याचा पुरावा तिथे सापडतो, आणि तो अनेकदा आपल्या समजुतीपेक्षा वेगळा निघतो. ही पायरी न रंगवता तशीच राखून ठेवावी. नवा रंग चुन्याचाच असावा. दुधासारखा पातळ करून, भिंत आधी ओलावून, चार-पाच पातळ हात द्यावेत, आणि छटा हवी असल्यास गेरू किंवा पिवळी माती यांसारखे खनिज रंग मिसळावेत. पहिल्या दिवशी रंग पारदर्शक व निस्तेज दिसतो; तो वाळल्यावर उजळतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी घाबरून आणखी जाड हात देऊ नये.

सागवानी हस्त आणि तुळया यांची टोके भिंतीत शिरतात तिथे आरीने टोचून पाहावे. आरी सहज आत गेली, तर लाकूड कुजले आहे. जाड तैलरंग खरवडून जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरेसा होतो. केबल, दुकानाचा फलक, वातानुकूलन यंत्राचा सांगाडा यांच्यासाठी छिद्र पाडणे अटळच असेल, तर ते विटांमधल्या दर्जात पाडावे आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत, कारण साधे लोखंड गंजून फुगते आणि आजूबाजूची वीट फोडते.

परांची उतरवण्यापूर्वी पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत त्याच कोनातून, त्याच उजेडात पुन्हा छायाचित्रे काढावीत. कोणत्या जागी कोणते मिश्रण कोणत्या तारखेला लावले, हे त्याच वहीत लिहून तिची एक प्रत घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. उरलेला विरलेला चुना फेकू नये. झाकणाच्या पिंपात वर चार बोटे पाणी ठेवून तो सावलीत जपावा, म्हणजे पुढच्या वर्षी मृगापूर्वी पन्हळी साफ करताना एखादी भेग दिसली तर ती त्याच दिवशी भरता येते.